जी-नाईन केळीत बुरशीशी लढायची जनुकं आहेत, मग ती का मरते? (पनामा मर, टीआर-४)

तापीकाठ, सोमवार, रात्री १०.४०

परवा रात्री धाकट्या भावानं फोटो धाडला. रावेर तालुक्यातली आमची केळीची मृगबाग (मृगात लावलेली), जी-नाईन, ठिबकवर, लावणीला पाच महिने झालेली. बांधाकडच्या ओळीतलं एक झाड. खालची दोन पानं कडेनं पिवळी पडून देठातून मोडलेली, खोडाला लोंबणारी. वरचा पोंगा मात्र हिरवागार. फोटोखाली एक ओळ : 'दादा, हे ते तर नाही ना?'

'ते' म्हणजे टीआर-४. पनामा मर रोगाची बुरशी फ्युजॅरियम, आणि तिचा हा प्रकार कॅव्हेंडिश गटाला मारतो. बसराई, श्रीमंती, अर्धापुरी, जी-नाईन या सगळ्या त्याच गटातल्या. बिहारात कटिहार-पूर्णिया, उत्तर प्रदेशात फैजाबादकडं, गुजरातेत सुरत आणि मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर इथं टीआर-४ सापडल्याच्या नोंदी आहेत. बुऱ्हाणपूर आमच्या बांधापासून तासाभराच्या आत. कापणीच्या टोळ्या त्याच, गाड्या त्याच, विळेही तेच.

फोनवर तो म्हणाला, 'आपल्या केळीत या बुरशीशी लढायची ताकदच नाही का रे?' मी झोपेत 'नाही' म्हणून मोकळा झालो. सकाळी लाज वाटली. मी पुण्यात ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथं दिवसभर झाडांचा आरएनएच मोजतो, आणि खरं उत्तर 'नाही' असं नाहीच. ताकद आहे, ती उशिरा जागी होते. फोनवर जमलं नाही ते इथं लिहितो. भावालाही दुवा पाठवणार आहे, तेव्हा जड शब्द दिसला की हटका.

बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वीस-वीस वर्षं पडून राहतात. केळीचं मूळ जवळ आलं की ते रुजतात, मुळाच्या टोकातून किंवा जखमेतून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या गाठतात. झाड गप्प बसलेलं नसतं. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, आणि कायटिनचे तुकडे ओळखणारे ग्राहक केळीच्या पेशींवर असतात. ओळख पटली की काही मिनिटांत ऑक्सिजनचे जळजळीत रेणू सुटतात, मग आत जनुकं एकामागून एक चालू होतात.

हे मोजतात कसं? ऊतीसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) वीतभर रोपं घ्यायची, मुळं धुवायची, मिलिलिटरला दहा लाख बीजाणू असलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवायची आणि कुंडीत लावायची. ठरलेल्या तासांना मुळं कापून थेट द्रव नायट्रोजनमध्ये. (हे काम रात्री तीन वाजताही असतं. त्या वेळी चहा देणारा देवासमान.) त्या मुळांतला आरएनए म्हणजे त्या घटकेला कोणतं जनुक किती जोरानं बोलत होतं त्याची हजेरी. केळीचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला, साधारण ३६,५०० जनुकं, त्यामुळे हजेरीपटावर नावं आधीच घातलेली आहेत.

बळी पडणाऱ्या आणि तग धरणाऱ्या वाणांचे पट शेजारी ठेवले की आधी गोंधळायला होतं, कारण नावं बरीचशी तीच. बुरशीची भिंत कुरतडणारी कायटिनेज आणि ग्लुकॅनेज ही विकरं. पेशीची भिंत लाकडासारखी घट्ट करणाऱ्या लिग्निनची साखळी. सॅलिसिलिक आम्ल, जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन यांचे निरोप. या सगळ्यांना हाकणारी डब्ल्यूआरकेवाय कुटुंबातली जनुकं. फरक दिसतो तो वेळेत आणि जोरात. तग धरणारं झाड पहिल्या एक-दोन दिवसांत उसळतं. दुसरं उसळतं तेव्हा बुरशी कंदात पोचलेली असते.

यातलं एक काम डोळ्यांनी दिसतं. नळीशेजारच्या पेशी नळीत फुगे काढतात आणि डिंकासारखा पदार्थ सोडून ती बुजवतात. वेळेवर झालं तर बुरशी जागच्या जागी कोंडली जाते, चार नळ्या जातात, झाड वाचतं. उशीर झाला की बुरशी पुढं आणि झाड मागून नळ्या बुजवत चाललेलं. बुरशीचे धागे असतातच, त्यात झाड स्वतःच आपलं पाणी तोडतं. ठिबक चालू, वाफसा उत्तम, आणि केळी तहानेनं मरते.


काथ्याकूट, सोमवार, रात्री ११.१५

तहान लागल्यावर विहीर खणणारे पाहिले होते. तहान लागल्यावर आहे ती विहीर बुजवणारी केळीच पहिली.

पण एक कळलं नाही. जनुकं तीच असतील तर एक झाड लवकर जागं होतं आणि दुसरं नाही, हे ठरवतं कोण?


शेतातला_मास्तर, मंगळवार, सकाळी ६.०५

तापीकाठ भो, जनुकं राहू द्या बाजूला. आधी त्या झाडाचा कंद पाहा. पिवळं पान दहा कारणांनी पडतं.

खोड जमिनीलगत कापायचं आणि कंद आडवा चिरायचा. पनामा असेल तर पांढऱ्या गरात तांबूस-तपकिरी ठिपके आणि रेघा दिसतात, गोल कड्यासारख्या, जणू कुणी गंजलेल्या तारा ओवल्या आहेत. गर कडकच राहतो आणि वास येत नाही. खोडाच्या बाहेरच्या पापुद्र्यांतही त्याच रेघा मिळतात, कधी खोड उभं तडकतं. कंदकुज असेल तर गर मऊ पडतो आणि असा वास सुटतो की जेवण जात नाही. झाड हलवलं तरी मुळाशी मोडून हातात येतं.

कापायचं ते जागेवरच. ओढत बांधावर आणायचं नाही. विळा, फावडं, चपला तिथंच धुवायच्या. रेघा दिसल्या तर कुणाच्याही सांगण्यावरून मुळाशी औषधं ओतत, आळवण्या करत बसू नका, आधी नमुना तपासून घ्या. केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे, कृषी विज्ञान केंद्रामार्फत नमुना कसा पाठवायचा ते विचारा. डोळ्यांनी टीआर-४ ठरत नाही. तमिळनाडूत थेनीकडं कॅव्हेंडिशवर मर आली होती, ती रेस-१ च्या, म्हणजे याच बुरशीच्या जुन्या प्रकाराच्या, एका उग्र वाणाची निघाली. वरून दोन्ही सारखेच दिसतात.


तापीकाठ, मंगळवार, दुपारी १.३०

मास्तर, भावाला तसंच्या तसं पुढं पाठवलं. आज संध्याकाळी चिरतो म्हणाला.

काथ्याकूट, तुमचा प्रश्न मर्मावर आहे. गावात जागल्या असायचा ना, तशी काही जनुकं असतात. ती पेशीच्या आत पहारा देणारी प्रथिनं बनवतात. बुरशीनं झाडाला गुंगवायला सोडलेला एखादा पदार्थ दिसला, किंवा त्यानं आत काही बिघडवलेलं दिसलं, की ती आरोळी ठोकतात.

मलाया-इंडोनेशियाकडं मलॅकेन्सिस नावाची रानकेळी आहे, बियांनी गच्च भरलेली, खायच्या कामाची नाही. तिच्या बियांपासून आलेल्या भावंडांत काही टीआर-४ च्या मातीत जगतात, काही मरतात. जगणाऱ्यांत आरजीए-२ नावाचं जागल्या-जनुक बोलताना सापडलं, मरणाऱ्यांत ते गप्प होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे शास्त्रज्ञ जेम्स डेल आणि सहकाऱ्यांनी ते उचलून ग्रँड नैनमध्ये, म्हणजे आपल्या जी-नाईनमध्येच घातलं आणि नॉर्दर्न टेरिटरीत रोगट मातीत तीन वर्षं लावलं. २०१७ मध्ये निकाल छापला. साध्या झाडांतली दोन तृतीयांशापासून ते सगळीच्या सगळी रोगट झाली किंवा मेली, आणि आरजीए-२ घातलेल्या एका ओळीत (म्हणजे जनुक घातलेल्या एकाच रोपापासून वाढवलेल्या झाडांत) एकही नाही.

आणि ज्यासाठी हा धागा काढला ते आता. आरजीए-२ साध्या कॅव्हेंडिशमध्येही असतं. सगळ्यांत टिकलेल्या ओळीत ते साध्या झाडापेक्षा साधारण दहापट जोरानं बोलत होतं, आणि जिथं जोर जास्त तिथं प्रतिकार जास्त. आपल्या केळीच्या गावात जागल्या आहे. डुलक्या घेतो.


सुकेळी, मंगळवार, दुपारी ४.२०

वसईची आहे. माहेरी राजेळीची झाडं होती, आजी ऑक्टोबरच्या उन्हात सुकेळी घालायची. तेव्हा कुठे होते हे रोग? ही संकरित केळी आली आणि रोग आले. देशी वाण चिवट असतात. ते लावा ना पुन्हा.


गुणसूत्र, मंगळवार, संध्याकाळी ७.१०

सुकेळीताई, जी-नाईन संकरित नाही. तिला बीच धरत नाही म्हटलं तरी चालेल. गुणसूत्रांचे तीन संच, सगळे 'ए' प्रकारचे, एकूण ३३. तीनाचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून बी नाही, आणि म्हणूनच आपण ती चावून खातो. कंद लावा, बुंध्याशी फुटलेली पिलं लावा नाहीतर ऊतीसंवर्धनाचं रोप लावा, झाड तेच. रावेरपासून इक्वाडोरपर्यंत एकाच झाडाच्या नकला. म्हणजे तिच्यात संकर झाला असता तर बरंच झालं असतं!

पनामा मरही नव्या केळीबरोबर आलेली नाही. ऑस्ट्रेलियात १८७६ साली तिचं वर्णन झालं. मध्य अमेरिकेत तेव्हा ग्रो मिशेल ही जुनी केळी होती. बुरशीच्या रेस-१ नं ती १९५०-६० पर्यंत व्यापारातून घालवली, आणि रेस-१ ला दाद देत नाही म्हणून कॅव्हेंडिश पुढं आली. म्हणजे तिचा पहारा कायमच सुस्त नाही. एका चोराला तिनं पन्नास वर्षं दारात उभं केलं नाही. टीआर-४ नं दुसरी वाट काढली.


मोयरेकार, मंगळवार, रात्री ९.५५

देशी म्हणजे चिवट हे आमच्याकडे कुणाला सांगू नका. गोव्यात रसबाळी होती. पातळ सालीची, आंबटगोड, तोंडात विरघळणारी. मोयऱ्याची साळदाटी, सावरबोंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून दिसते, रसबाळीला मात्र शोधत फिरावं लागतं. वडील म्हणायचे, एक घड मिळाला तर नशीब, दुसऱ्या वर्षी झाड उभं वाळतं.


गुणसूत्र, मंगळवार, रात्री १०.३०

मोयरेकार, अगदी. म्हैसूरकडं नंजनगूड रसबाळे म्हणतात ती याच गोतावळ्यातली, एएबी प्रकारची, आणि रेस-१ नं तिची लागवड जवळपास संपवली. गंमत पाहा, तिच्यात 'बी' संच आहे. 'बी' म्हणजे बाल्बिसियाना, कणखर रानकेळी. तरी मरते. सफेद वेलचीतही 'बी' आहे, तीही मरते. आणि निव्वळ 'ए'वाली कॅव्हेंडिश रेस-१ मध्ये तगते. त्यामुळे देशी-विदेशी किंवा ए-बी यावरून ठरत नाही. कुठल्या झाडातला कुठला जागल्या कुठल्या चोराला ओळखतो यावर सगळं आहे.

चोराकडंही पाहा. फ्युजॅरियम जलवाहिनीत शिरल्यावर काही छोटी प्रथिनं सोडतं, त्यांना सिक्स गटातली म्हणतात. टीआर-४ आणि रेस-१ यांच्या सिक्स जनुकांत फरक आहेत, तपासणीतल्या काही चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. आणि टीआर-४ हीसुद्धा एकाच कुळाची नक्कल, तिच्यात लैंगिक पुनरुत्पादन दिसलेलं नाही. नक्कल विरुद्ध नक्कल. फरक एवढाच की बुरशी चमचाभर मातीत अगणित बीजाणू टाकते, त्यात बदल होत राहतात. आपण बागेत एकाच झाडाच्या हजारो प्रती लावतो आणि एकही बदललेली नको म्हणतो.


बाजारबट्टू, बुधवार, सकाळी ९.००

आलं लक्षात. आधी घाबरवा, मग जीएम केळी विका.


तापीकाठ, बुधवार, सकाळी ११.४५

बाजारबट्टू, भारतात जीएम केळी लावायला परवानगीच नाही, विकणार कुठून? ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२४ मध्ये आरजीए-२ वाली क्यूसीएव्ही-४ मंजूर झाली. तिथंही बाग बदलायची घाई नाही, अगदीच वेळ आली तर हाताशी असावी म्हणून ठेवली आहे. परागकण उडून शेजाऱ्याच्या केळीत जाण्याची भीती कापसाइतकी इथं नाही, कारण ही केळी वांझ. 'माझ्या ताटात नको' म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच, त्यावर मी वाद घालणार नाही.

जीएमशिवायही वाटा आहेत. तैवानात कॅव्हेंडिशचा हा मर रोग १९६०च्या दशकाच्या शेवटी दिसला. तिथल्या केळी संशोधन संस्थेनं ऊतीसंवर्धनाची हजारो रोपं मुद्दाम रोगट शेतात लावली. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना क्वचित एखाद्या रोपात जनुकीय बदल होतो, बहुतेकदा नको तसाच. पण त्या हजारोंत काही उभी राहिली. जीसीटीसीव्ही-२१८ ही त्यांतली नावाजलेली. पूर्ण निर्धोक नाही आणि घड यायला जास्त वेळ घेते, पण रोगट जमिनीत पीक देते. होंडुरासचे संकर ही दुसरी वाट. हजारो घडांवर हातानं परागकण लावायचे, मग पिकलेली केळी गाळून मूठभर बिया शोधायच्या. एफएचआयए-०१ तशीच निघाली, रोगाला टिकते. चव मात्र आपल्या माणसाला जी-नाईनसारखी वाटत नाही, आणि दिल्लीचा व्यापारी काय म्हणेल ते भावाला जास्त माहीत.


टळली_टली, बुधवार, दुपारी २.१०

मी क्वीन्सलंडात केर्न्सला राहते, कामानिमित्त टलीच्या बागांत जावं लागतं. इथं २०१५ च्या मार्चमध्ये टीआर-४ सापडला. एका बागेच्या फाटकावर काय होतं ते सांगते. गाडी बाहेर. स्वतःचे बूट बाहेर. आधी ब्रशनं बुटांच्या खाचांतली माती काढायची, मगच जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये पाय. क्रम उलटा केला तर आतली बाई ओरडते, कारण माती असेल तर औषध मातीतच संपतं, बीजाणूपर्यंत पोचत नाही. मग बागेचे गमबूट घालून आत. एकदा माझ्या पेनाला चिखल लागला होता, पेन ठेवून घेतलं.

पहिल्यांदा मला हे सगळं सोवळ्यासारखं वाटलं. पण दशक उलटलं तरी इथं रोग मोजक्याच बागांत आहे. कोलंबियात ऑगस्ट २०१९ मध्ये सापडला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली, त्यानंतर पेरू, व्हेनेझुएला.


काथ्याकूट, बुधवार, दुपारी २.४०

ताई, आमच्याकडं कापणीच्या टोळीला 'बूट घासा' म्हटलं तर टोळीच दुसऱ्याच्या बागेत जाईल.


शेतातला_मास्तर, बुधवार, सायंकाळी ५.५०

म्हणून सांगू नये का? मी माझ्या बागेत दोन विळे आणि चार जोड चपला ठेवल्या आहेत. टोळीला म्हणतो, तुमचे विळे बोथट आहेत, माझे घ्या. राग येत नाही कुणाला.


तापीकाठ, बुधवार, रात्री ९.२०

कंद चिरला. मास्तर, तुमच्या शब्दांत सांगायचं तर जेवण गेलं नाही. झाड हलवल्याबरोबर बुडातून मोडून हातात आलं, गर मऊ, तपकिरी चिखल झालेला. तांबूस रेघ एकही नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या माणसानं येऊन पाहिलं आणि कंदकुज म्हणाला. खोलगट जागा, पाणी साचत होतं. आजूबाजूची आणखी दोन तशीच निघाली. तिन्ही जागेवर खोल पुरली, खड्ड्यांत ब्लीचिंग पावडर, आणि त्या ओळीचं ठिबक कमी केलं. खात्रीसाठी नमुना मात्र पाठवणार आहोत.

दोन रात्री झोप नव्हती, आज लागेल.


तापीकाठचा_धाकटा, गुरुवार, सकाळी ७.३०

दादानं खातं काढायला लावलं. जनुकाचं निम्मं समजलं, जागल्याचं पूर्ण समजलं.

माझी वेगळीच पंचाईत आहे. शेजारचे आप्पा दरसाल कांदेबागेसाठी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या लावणीसाठी, आमची पिलं नेतात, वडिलांच्या काळापासून. काल आले. मी म्हटलं, आप्पा, यंदा पिलं नको, पिलाबरोबर माती येते, तपासलेली ऊतीसंवर्धनाची रोपं घ्या, हवं तर वाहतूक मी देतो. आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, 'तुमच्या बागेत ते आलं वाटतं?' संध्याकाळपर्यंत पारावर तेच. आज व्यापाऱ्याचा फोन, घड घेऊ की नको म्हणून.


शेतातला_मास्तर, गुरुवार, सकाळी ८.१०

सोपं आहे भो. आप्पांना बोलव आणि चिरलेला कंद नाकाखाली धर. वास आला की ते आपणच पारावर सांगतील, पनामा नाही म्हणून.


तापीकाठचा_धाकटा, गुरुवार, सकाळी ८.२५

पुरला ना मास्तर, तीन फूट खाली. तुम्हीच म्हणाला होता, जागेवरून हलवायचा नाही.


शेतातला_मास्तर, गुरुवार, सकाळी ८.३०

मग आप्पांना खड्ड्यापाशी आण. चपला माझ्याकडून घेऊन जा.